बंगाली सिनेमा: पगार घरी आणणाऱ्या बायका (आणि बाकी बरंच काही)

मुक्कामपोस्ट (धागाकर्ती)

महिनाभर पाय प्लास्टरमध्ये होता. घरच्यांनी लॅपटॉप, दोन उशा आणि फरसाणाचा डबा हाताशी ठेवला आणि जो तो आपल्या कामाला गेला. अशा वेळी माणूस एक तर झोपा काढतो, नाही तर "कधीतरी बघायचंय" म्हणून वर्षानुवर्षं ठेवलेलं एकदाचं बघून टाकतो. मी बंगाली सिनेमे बघितले. चौदा. सगळ्यांवर लिहीत नाहीये, घाबरू नका.

'पथेर पांचाली' (१९५५) कॉलेजात असताना पाहिला होता. दुर्गा गेली तिथे भरपूर रडले आणि बंगाली सिनेमा म्हणजे पाऊस, दारिद्र्य आणि मरण असं ठरवून पुढची कितीतरी वर्षं त्या वाटेला गेले नाही. या खेपेला ऋत्विक घटकांचा 'मेघे ढाका तारा' (१९६०) आणि सत्यजित रायांचा 'महानगर' (१९६३) लागोपाठ दोन दिवसांत पाहिले, आणि पाठोपाठ मृणाल सेनांचा 'एक दिन प्रतिदिन' (१९७९). तिघांची तोंडं तीन दिशांना, पण प्रश्न एकच. घरातली बाई पगार आणायला लागली की घराचं काय होतं?

'मेघे ढाका तारा'तली नीता फाळणीत पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबातली. कलकत्त्याजवळच्या निर्वासितांच्या वसाहतीत घर, वडील शाळामास्तर, भाऊ गाण्याच्या नादात, धाकटी बहीण नटण्याच्या. सुरुवातीलाच रस्त्यात नीताच्या चपलेचा अंगठा तुटतो. ती वाकून बघते आणि तशीच पाय ओढत पुढे जाते. पैसे हातात आल्याबरोबर घरातला प्रत्येक जण काहीतरी मागतो आणि ती देते. स्वतःला चप्पल काही घेत नाही. सर्वांत बोचली ती आई. आई दुष्ट नाही, हिशेबी आहे. नीता लग्न करून गेली तर चूल कशी पेटायची, हा तिचा हिशेब. त्यामुळे नीतावर प्रेम करणारा मुलगा धाकटीकडे वळतो तेव्हा आई त्याला अडवत नाही.

'महानगर'मधली आरती सून आहे. नवरा बँकेत कारकून, सासरे निवृत्त शिक्षक, शिकणारी नणंद, लहान मुलगा. एकाच्या पगारात भागत नाही म्हणून ती घरोघरी जाऊन विणकामाची यंत्रं विकायची नोकरी धरते. पहिल्या पगाराच्या कोऱ्या नोटा घेऊन ती ऑफिसच्या स्वच्छतागृहात आरशासमोर उभी राहते, तो प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. माधवी मुखर्जी तिथे एक शब्द बोलत नाही. नोटांकडे बघते, स्वतःकडे बघते. माझी आई १९७४ साली टेलिफोन खात्यात लागली तेव्हा पहिला पगार जसाच्या तसा आजीच्या हातात गेला होता. आईला असा आरसा मिळाला होता की नाही, हे मी कधी विचारलंच नाही.

'एक दिन प्रतिदिन'मध्ये चिनू नावाची कमावती मुलगी एका संध्याकाळी घरी येत नाही. बस्स, एवढीच गोष्ट. रात्र चढत जाते, भाऊ पोलिसांत जातो, हॉस्पिटलं पालथी घालतो, शेजारचे गॅलरीत येऊन उभे राहतात, घरमालकाच्या कपाळाला आठ्या पडतात. घरच्यांना तिची काळजी वाटते यात खोट नाही. पण त्या काळजीच्या आत दुसरी एक काळजी आहे, आणि ती जसजशी बाहेर येते तसतशी ही माणसं एकमेकांची नजर चुकवायला लागतात.

तर आता पुढे काय बघू? आणि या बाईचं आजच्या काळात काय झालं, हे सांगणारा एखादा सिनेमा आहे का?

---

खारीबिस्किट

मस्त धागा. वाचनखूण साठवली. पाय कसा आहे आता? आणि फरसाण कुठलं?

---

लॉकॉलेजरोड

छान लिहिलंयत. एकच तक्रार: 'मेघे ढाका तारा' लॅपटॉपवर बघायचा सिनेमा नाही. मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या पुण्यात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या थिएटरात, आणि तो मुळात कानांनी बघायचा सिनेमा आहे हे तिथे कळलं. नीता आणि तिच्यावर प्रेम करणारा सनत बाहेर बोलत असतात आणि आई आत चुलीपाशी. त्या वेळी तेलात काहीतरी तडतडावं तसा आवाज वाढत जातो. आईच्या पोटात काय चाललंय ते सांगायला एकही वाक्य खर्च केलेलं नाही. सनतच्या खोलीतून नीता जिना उतरते तेव्हा चाबकाचा आवाज येतो, पडद्यावर चाबूक नाही. लॅपटॉपच्या स्पीकरवर हे कुणीतरी गादी झटकल्यासारखं ऐकू येतं.

आणि तो शंकरदादाचा, म्हणजे नीताच्या भावाचा, हंसध्वनी राग! गायलाय ए. टी. कानन यांनी. सुरुवातीला रियाज करणारा बेकार भाऊ म्हणून ज्याला सगळे हिणवतात तो शेवटी नामवंत होऊन परत येतो, आणि तोवर बहिणीला क्षय झालेला असतो.

घटक १९६०च्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, उपप्राचार्यही होते. मणी कौल, कुमार शहानी, मल्याळममधले जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. इथे राहिले फार थोडा काळ, पण आमच्या भागातल्या जुन्या सिनेमावेड्यांकडून त्यांच्या गोष्टी अजून ऐकायला मिळतात. त्यातल्या निम्म्या दारूच्या असतात आणि त्या इथे लिहिण्यात काही अर्थ नाही. 'अजांत्रिक' (१९५८) जरूर बघा. टॅक्सीवाला आणि त्याची मोडकी गाडी जगद्दल. अख्ख्या सिनेमात नायिका म्हणाल तर ती गाडीच.

---

शंकेखोर

मी वेगळं मत नोंदवतो, दगड मारू नयेत. 'मेघे ढाका तारा' मला रडकथा वाटली. सोसणारी मुलगी, स्वार्थी कुटुंब, वर क्षय. हेच मराठीत केलं असतं तर आपणच "मेलोड्रामा" म्हणून नाकं मुरडली असती. बंगाली म्हटलं की आपल्याकडे एकदम अदबीने मान खाली जाते.

---

लॉकॉलेजरोड

@शंकेखोर, मेलोड्रामा आहेच, आणि घटकांना त्याची लाज नव्हती. फरक शेवटात आहे. आपल्याकडच्या सोशिक सुनेच्या सिनेमात अखेर घरचे तिचे पाय धरतात आणि प्रेक्षक डोळे पुसून समाधानाने घरी जातो. इथे शिलाँगच्या सॅनिटोरियममध्ये भाऊ तिला घरच्या गमती सांगत असतो, भाचा आता दुडुदुडु धावतो वगैरे, आणि ती मध्येच ओरडते: दादा, मला जगायचं होतं रे! तोवर तिने स्वतःसाठी काहीच मागितलेलं नसतं. पहिली मागणी ही, आणि तीही भूतकाळात. वर शेवटी रस्त्यावर दुसऱ्याच एका मुलीची चप्पल तुटते. म्हणजे घटक म्हणतायत, एक संपली, दुसरी रांगेत आहे. रडून मोकळं व्हायची सोयच ठेवलेली नाही.

---

शंकेखोर

चपलेचं लक्षात आलं नव्हतं. पुन्हा बघतो. तरी चाबूक जरा जास्तच आहे.

---

बदलीबहाद्दर

बँकेच्या कृपेने तीन वर्षं कोलकात्यात काढली, भवानीपूरला भाड्याने. त्यामुळे या विषयावर आगाऊपणा करायचा माझा हक्क आहे.

पहिली गोष्ट भाषेची. इंग्रजी सबटायटल वाचताना मराठी माणसाचं नुकसान होतं, कारण निम्मे शब्द आपल्या घरचे आहेत. 'अपूर संसार' (१९५९) घ्या. इंग्रजीत त्याचं 'अपूचं जग' करून टाकलंय. अहो, संसार म्हणजे संसार! भाड्याची खोली, खिडकीला फाटका पडदा, नवी बायको, शेगडीचा धूर. आपल्याला एका शब्दात कळतं, पदरचं काही घालावं लागत नाही. बंगालीत 'राग' म्हणजे रागच, हिंदीवाल्यांना तिथे गाणं आठवतं. भात म्हणजे भात. 'ढाका तारा' म्हणजे झाकलेला तारा. फसगत होते ती 'अभिमान' शब्दाशी. तो आपला अभिमान नाही. आपल्याच माणसाने दुखावलं की गप्प होऊन बसायचं, त्याने समजूत काढावी म्हणून, ती भावना. रुसवा म्हणावं तर तो पोरकट वाटतो, हा जरा खोल असतो. 'चारुलता' (१९६४) अभिमानाने काठोकाठ भरलेला आहे.

उच्चाराचं विचारू नका. मी पहिल्या दिवशी ऑफिसात ऐटीत "सत्यजित रे" म्हणालो. समोरच्याने अतिशय सौजन्याने मला "शोत्तोजित राय" असं चार वेळा म्हणायला लावलं आणि मगच फाइल पुढे सरकवली.

दुसरी गोष्ट. राय-घटक-सेन ही त्रिमूर्ती आपण बाहेरचे लोक पूजतो. माझ्या घरमालकीणबाई वेगळ्याच देवळातल्या. त्यांचा देव उत्तमकुमार आणि देवी सुचित्रा सेन. 'सप्तपदी' (१९६१) मधलं मोटरसायकलवरचं 'एई पथ जदि ना शेष होय' हे हेमंत मुखर्जी आणि संध्या मुखर्जींचं गाणं टीव्हीवर लागलं की बाई गॅस बारीक करून बाहेर यायच्या. गाणं संपेपर्यंत त्यांच्याशी भाड्याचंही बोलता यायचं नाही. त्यांनी मला बसवून दाखवलेला सिनेमा म्हणजे 'साडे चुयात्तर' (१९५३), म्हणजे साडेचौऱ्याहत्तर. पत्रावर ७४॥ असा आकडा घातला की ते दुसऱ्या कुणी उघडायचं नाही, असा जुना रिवाज होता म्हणे. पुरुषांच्या मेसमध्ये एक मुलगी राहायला येते आणि मग काय काय होतं त्याची धमाल. उत्तम-सुचित्रा आहेतच, पण सिनेमा खाऊन टाकलाय तुलसी चक्रवर्तींनी. पोट धरून हसाल. प्लास्टरवाल्यांनी जपून.

आणि 'पलातक' (१९६३). घरातून सतत पळून जाणारा वल्ली माणूस, अनुपकुमार. तरुण मजुमदार आणि मंडळींचा सिनेमा, निर्माते कोण? आपले व्ही. शांताराम.

---

खारीबिस्किट

शांतारामबापू? बंगाली? हे माहीतच नव्हतं!

माझ्याकडून 'गुपी गाइन बाघा बाइन' (१९६९). माझ्या सहा वर्षांच्या लेकाने एक शब्द न समजता पाहिला आणि भुतांचा नाच संपल्यावर "परत" म्हणाला. रायांच्या आजोबांनी लिहिलेली गोष्ट आहे. बेसूर गाणारा गुपी आणि बेताल ढोल बडवणारा बाघा, भुतांच्या राजाकडून तीन वर मिळवतात. वर काय मागतात? पोटभर जेवण, हवं तिथे जायची सोय आणि गाणं असं की ऐकणारा जागच्या जागी खिळेल. यापेक्षा शहाणे वर मला तरी सुचत नाहीत.

---

सातासमुद्रापार

मृणाल सेन निघालेच आहेत तर 'खारिज' (१९८२). सुशिक्षित मध्यमवर्गीय जोडपं, घरात कामाला एक लहान मुलगा, पालन. तो जिन्याखाली झोपायचा. कडाक्याच्या थंडीच्या रात्री उबेसाठी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून झोपतो. आत कोळशाची शेगडी, वारा यायला जागा नाही. सकाळी दार फोडावं लागतं. पुढचा सगळा सिनेमा दोष कुणाचा याचा. मालकाचा, घरमालकाचा, की थंडीचा? अंजन दत्त आणि ममता शंकर. शेवटी पोराचा बाप समोर येतो तेव्हा वाटतं, आता हा एक ठेवून देणार. तो हात जोडतो आणि निघून जातो. कानफटात बसलेली परवडली असती.

आमच्याकडेही लहानपणी असा एक मुलगा होता. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा असेल. माझे जुने स्वेटर त्याला जायचे आणि आम्हाला ते फार चांगुलपणाचं वाटायचं. झोपायचा कुठे, ते आठवायचा प्रयत्न करतोय दोन दिवस. आठवत नाही.

---

अर्धापेला

@सातासमुद्रापार, प्रतिसाद वाचून जरा वेळ काही सुचलं नाही.

धागाकर्तीच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. 'आसा जाओयार माझे' (२०१४), दिग्दर्शक आदित्य विक्रम सेनगुप्ता. नावाचा अर्थ येण्याजाण्याच्या मध्ये. मंदीतलं कोलकाता. ती दिवसा हँडबॅगांच्या कारखान्यात, तो रात्री छापखान्यात. ती परतते तेव्हा तो निघालेला असतो. चोवीस तासांत दोघांची गाठ पडते ती सकाळी काही मिनिटं. दोघं एकमेकांशी अक्षरशः काही बोलत नाहीत, सिनेमात संवाद जवळजवळ नाहीतच. ऋत्विक चक्रवर्ती आणि बासवदत्ता चॅटर्जी. तव्यावरचं पाणी उडून जाताना, दोरीवरचे कपडे, सायकल, मासळी, हे सगळं इतक्या जवळून आणि सावकाश दिसतं की मी घड्याळ बघायचं विसरलो.

तुमच्या तीन सिनेमांत बाईने कमवावं की नाही यावर घर ढवळून निघतं. इथे तो प्रश्नच उरलेला नाही. दोघांनी कमावल्याशिवाय भागतच नाही. भांडायलाही दोघांनी एका वेळी घरात असावं लागतं.

---

शंकेखोर

हा मी पाहिलाय. पहिली वीस मिनिटं वाटलं आवाज बंद आहे म्हणून केबल तपासली. पण आवडला. हे नोंदवून ठेवा, मला काहीतरी आवडलं.

मात्र 'एक दिन प्रतिदिन'ने भयंकर चीड आणली. ती रात्रभर कुठे होती ते सांगतच नाहीत! सकाळी टॅक्सीतून उतरते, घरात शिरते, सिनेमा संपतो. ही प्रेक्षकाची फसवणूक आहे. ओव्हरटाइम? मित्र? अपघात? काहीतरी सांगा की.

---

मुक्कामपोस्ट (धागाकर्ती)

@शंकेखोर, अहो, घरात तिला "कुठे होतीस?" असं कुणी नीट विचारतही नाही, तोच तर मुद्दा आहे. आल्याबरोबर कवटाळायला हवं होतं. त्याऐवजी सगळे मुके. कारण रात्रभरात जे तोंडातून निघून गेलं, ते आता गिळता येत नाही. आपल्यालाही ती कुठे होती हे जाणून घ्यायची एवढी खाज सुटते, म्हणजे आपण त्या गॅलरीत उभ्या असलेल्या शेजाऱ्यांतलेच की.

---

शंकेखोर

मान्य. तरीपण कुठे होती?

---

बदलीबहाद्दर

हा हा! मालकीणबाईंना विचारलं असतं तर त्यांनी पाच शक्यता क्रमवार सांगितल्या असत्या.

अवांतर: 'महानगर'मधली नणंद ओळखलीत का? जया भादुरी. आणि नवरा झालेला अनिल चॅटर्जी म्हणजेच 'मेघे ढाका तारा'तला शंकरदादा. एका सिनेमात बहिणीच्या पैशावर गाणारा भाऊ, दुसऱ्यात बायकोच्या पगाराने खट्टू होणारा नवरा.

---

खारीबिस्किट

जया भादुरी 'गुड्डी'त आली ना पहिल्यांदा?

---

लॉकॉलेजरोड

'गुड्डी' १९७१. 'महानगर'च्या वेळी शाळकरी पोर होती. फिल्म इन्स्टिट्यूट त्यानंतर.

मराठी दुवे निघालेच आहेत तर 'अकालेर संधाने' (१९८०) कसा राहिला? मृणाल सेन. १९४३च्या दुष्काळावर सिनेमा करायला कलकत्त्याचं युनिट एका खेड्यात जातं आणि गावाच्या जुन्या जखमेची खपली निघते. युनिटमधली नटी झाली आहे स्मिता पाटील, आणि तिचं सिनेमातलं नावही स्मिताच. मुक्कामाच्या ठिकाणी ती दुष्काळाचे फोटो एकेक करून दाखवते आणि बाकीच्यांनी कोणत्या सालचा दुष्काळ ते ओळखायचं, असा खेळ मांडते. खेळता खेळता हसू आटतं. बर्लिनला या सिनेमाला रौप्य अस्वल मिळालं होतं.

आणखी एक. व्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय १९५२ पासून पुण्यात राहत होते. बंगालीतला सर्वांत लाडका गुप्तहेर बराचसा आमच्या गावात बसून लिहिला गेलाय. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या गोष्टीही त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. त्यांच्या 'झिंदेर बंदी'वर तपन सिन्हांनी १९६१ साली सिनेमा केला. उत्तमकुमार दुहेरी भूमिकेत आणि खलनायक कोण, तर सौमित्र चॅटर्जी! अपू म्हणून डोक्यात बसलेला माणूस घोड्यावरून कपटी हसत येतो, बघाच.

---

सातासमुद्रापार

ऋतुपर्ण घोषचं नाव अजून कुणी घेतलं नाही? 'उनिशे एप्रिल' (१९९४): नामवंत नर्तकी आई, तिच्यावर वर्षानुवर्षं राग धरलेली डॉक्टर मुलगी, एक रात्र. अपर्णा सेन आणि देबश्री राय. धागाकर्तीच्या यादीला तो उलट बाजूने जोडता येतो, कारण इथे कमावत्या बाईचा हिशेब तिची मुलगी मागते. आणि 'दहन' (१९९७) तर यादीत हवाच. मेट्रो स्टेशनबाहेर भर गर्दीत एका जोडप्यावर गुंड हल्ला करतात, मध्ये पडते ती एक शाळाशिक्षिका. पुढे कोर्टात उभं राहायची वेळ येते तेव्हा दोघींच्या घरून एकच सूर लागतो: कशाला नसत्या भानगडीत पडतेस. ऋतुपर्ण २०१३ मध्ये गेला, पन्नाशीही गाठली नाही. त्याच्या सिनेमातली घरं बघताना पडद्याचं कापड, चहाची भांडी, बायकांच्या साड्या हेसुद्धा बघा. एकही वस्तू उगाच ठेवलेली नसते.

---

खारीबिस्किट

सगळे गंभीर झालेत म्हणून 'भूतेर भविष्यत' (२०१२). अनिक दत्त. जुन्या वाड्यात वेगवेगळ्या काळातली भुतं भाडेकरूंसारखी गुण्यागोविंदाने राहतात आणि बिल्डर वाडा पाडायला येतो. जिवंत माणसांनी हात टेकले, आता भुतांनाच संघटना काढावी लागणार. गिरगावकरांनी विशेष बघावा.

---

अर्धापेला

'शब्दो' पण. कौशिक गांगुली. सिनेमासाठी पावलांचे, कपबशीचे आवाज तयार करणारा माणूस. हळूहळू त्याला फक्त आवाजच ऐकू येतात, माणसांचं बोलणं नाही. परत ऋत्विक चक्रवर्ती. @लॉकॉलेजरोड, हा हेडफोन लावून.

---

मुक्कामपोस्ट (धागाकर्ती)

प्लास्टर निघालं, सगळ्यांचे आभार. यादी फ्रिजवर लावली आहे.

रविवारी आई आली होती. तिला 'महानगर' लावून दिला, सबटायटल मी मराठीत वाचून दाखवत होते. थोड्या वेळाने म्हणाली, "तू गप्प बस, मला कळतंय." आरशाच्या प्रसंगाला मी मुद्दाम तिच्याकडे बघत होते. ती निर्विकार. मैत्रीण एडिथ आरतीला लिपस्टिक लावते तिथे मात्र खुदकन हसली. "आमच्यातली एक जण दादरला उतरायच्या आधी पुसून टाकायची." पुढे साहेब एडिथला नाही नाही ते बोलून कामावरून काढतो आणि आरती तिच्यासाठी राजीनामा देते. नवरा-बायको गर्दीत मिसळून जातात, वर रस्त्यावरच्या दिव्याच्या दोन बल्बांपैकी एकच चालू. मी भारावून बसलेली. आई म्हणाली, "पण त्या एडिथचं काय झालं? तिला घेतलं का परत?" मी इतकं लिहिलं वर, एडिथचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर 'एक दिन प्रतिदिन' लावला. सिनेमा संपला. खास @शंकेखोर यांच्यासाठी मी विचारलं, "रात्रभर कुठे असेल गं ती?"

"गाडी बंद पडली असेल."

"आई, ही मुंबई नाही, ती कलकत्त्यात..."

"मग ट्राम बंद पडली असेल," म्हणाली आणि उद्याची डाळ भिजत घालायला उठली.